कोणत्या देशाचे शोधनिबंध किती? तुलना करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोधनिबंधांची नोंद ठेवणारा डेटाबेस उघडायचा, देशाचे नाव टाकायचे, समोर येईल तो आकडा तक्त्यात भरायचा. देशोदेशींच्या संशोधनाची तुलना इतकी सोपी वाटते, आणि म्हणूनच ती वारंवार चुकते. हे मोजदादीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. विद्यार्थी, पत्रकार आणि विद्यापीठांतले अधिकारी जे प्रश्न घेऊन येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण माणसे अडखळतात ती तिथेच.

### एखाद्या देशाचे वर्षभरात किती शोधनिबंध आले, याचा एक आकडा का मिळत नाही?

मिळतो, पण आधी चार गोष्टी ठरवाव्या लागतात. कोणता डेटाबेस? कोणत्या प्रकारचे लेखन? अनेक देशांनी मिळून लिहिलेल्या निबंधाची वाटणी कशी? आणि आकडा कोणत्या तारखेला काढला? यातली एक गोष्ट बदलली तरी उत्तर बदलते आणि दोन देशांचा क्रमही उलटू शकतो.

जगात प्रसिद्ध होणाऱ्या सगळ्या शोधनिबंधांची शिरगणती कुणीच करत नाही. डेटाबेस आपल्या नियमांनी जे टिपतो, तेवढेच आपल्याला दिसते. त्यामुळे ‘अमुक देशाने इतके निबंध प्रसिद्ध केले’ हे वाक्य अर्धे आहे. ‘अमुक डेटाबेसमध्ये, अमुक पद्धतीने मोजल्यावर, त्या देशाच्या नावावर इतके निबंध दिसतात’ असे लिहिले की ते पूर्ण होते. वाक्य लांबते, पण लांबलेलेच वाक्य खरे आहे.

### कोणकोणते डेटाबेस वापरतात?

सगळ्यात जुनी परंपरा वेब ऑफ सायन्सची. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कोणत्या निबंधाचा संदर्भ (सायटेशन) पुढे कुणी दिला याच्या सूचीची, कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने सायन्स सायटेशन इंडेक्स छापील खंडांत आणला. १९६१ सालावरच्या पहिल्या इंडेक्समध्ये ६१३ नियतकालिके होती. गारफिल्ड यांचा हेतू देशांची शर्यत लावण्याचा नव्हता. एखाद्या निबंधाचा पुढे कुणी आधार घेतला हे संशोधकाला शोधता यावे, एवढाच होता. हे ध्यानात ठेवले की पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप उलगडतात: ज्या कामासाठी हत्यार घडवलेच नव्हते, ते काम आपण त्याच्याकडून करून घेतो आहोत. त्याच इंडेक्समधून पुढे आलेला वेब ऑफ सायन्स आज क्लॅरिव्हेट कंपनीकडे आहे.

दुसरा मोठा डेटाबेस एल्सेव्हिअर कंपनीचा स्कोपस, २००४ मध्ये सुरू झालेला. २०१८ मध्ये डायमेन्शन्स आला, आणि २०२२ च्या सुरुवातीला ओपनअ‍ॅलेक्स. मायक्रोसॉफ्टने आपला मायक्रोसॉफ्ट अ‍ॅकॅडेमिक ग्राफ २०२१ अखेर बंद केला, तेव्हा ती जागा भरायला ओपनअ‍ॅलेक्स उभा राहिला. त्याचा डेटा मोफत आणि खुला आहे. याखेरीज चीनचा सीएनकेआय, लॅटिन अमेरिकेचा सायेलो, कोरियाचा केसीआय असे देशी आणि प्रादेशिक डेटाबेस आहेतच.

### स्कोपसमध्ये एक आकडा, वेब ऑफ सायन्समध्ये दुसरा. बरोबर कोणता?

दोन्ही, आपापल्या चौकटीत. फिलिप माँजाँ आणि अ‍ॅडेल पॉल-ह्यूस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत वेब ऑफ सायन्समध्ये १३,६०५ चालू नियतकालिके होती आणि स्कोपसमध्ये २०,३४६. घेरच निराळा, तर बेरीज एक कशी येईल? त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती संख्येपेक्षा महत्त्वाची वाटते. दोन्ही डेटाबेसमध्ये निसर्गविज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांना झुकते माप आहे, सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या मागे पडतात, आणि इंग्रजी नियतकालिकांचा वरचष्मा आहे.

वेब ऑफ सायन्स वापरताना आणखी एक खाचखळगा आहे. त्या नावाखाली एक मंच आहे आणि मंचावर अनेक संग्रह आहेत. देशांच्या तुलनेसाठी साधारणपणे ‘कोअर कलेक्शन’ घेतात. शोधताना ‘ऑल डेटाबेसेस’ निवडलेले राहिले, तर चिनी, कोरियन, लॅटिन अमेरिकी संग्रहही बेरजेत शिरतात. कोअर कलेक्शनमध्येसुद्धा २०१५ मध्ये इमर्जिंग सोर्सेस सायटेशन इंडेक्स या नव्या संग्रहाची भर पडली आणि कित्येक हजार नियतकालिके आत आली. तुमच्या संस्थेने कोणते भाग विकत घेतले आहेत, यावरही तुम्हाला काय दिसेल हे ठरते. दोन विद्यापीठांतल्या दोन जणांना एकाच प्रश्नाची दोन उत्तरे मिळालेली मी पाहिली आहेत. दोघांचेही शोधवाक्य अक्षरशः सारखे होते, फक्त वर्गणी वेगळी होती.

### निबंध अमुक देशाचा, हे कशावरून ठरते?

लेखकाच्या नावाशी छापलेल्या संस्थेच्या पत्त्यावरून. लेखकाचे नागरिकत्व, जन्मस्थान किंवा मातृभाषा यांचा इथे काही संबंध नाही. केनियात जन्मलेली संशोधक स्वीडनमधल्या विद्यापीठात काम करत असेल, तर तिचा निबंध स्वीडनचा. ‘आपल्या लोकांनी जगभर किती संशोधन केले’ या प्रश्नाला हे डेटाबेस उत्तर देऊ शकत नाहीत. नावांवरून राष्ट्रीयत्वाचा अंदाज बांधायच्या भानगडीत पडू नये.

एका लेखकाचे दोन पत्ते असले तर गुंता वाढतो. वर्षातले काही आठवडेच जिथे जातो अशा परदेशी विद्यापीठाचाही पत्ता लेखक लावू शकतो, आणि तो देशही निबंधाचा धनी होतो. सौदी अरेबियातली विद्यापीठे नामांकित परदेशी संशोधकांना मानधन देऊन दुय्यम पत्ता मिळवत असल्याचे वृत्त ‘सायन्स’ने २०११ मध्येच दिले होते. जो आकडा एकदम फुगलेला दिसतो, त्यातले किती निबंध फक्त दुय्यम पत्त्यावर उभे आहेत, हे तपासावे.

काही नोंदींमध्ये पत्ताच नसतो. ओपनअ‍ॅलेक्समध्ये ही उणीव विशेष जाणवते. असे निबंध कुठल्याच देशाच्या खात्यात जमा होत नाहीत. आणि पत्ते सगळ्यांचे सारख्या प्रमाणात गहाळ होत नाहीत: प्रकाशक जितका छोटा, तितका त्याचा डेटा अपुरा असण्याची शक्यता जास्त. छोट्या प्रकाशकांवर ज्या देशांची भिस्त आहे, त्यांचेच नुकसान होते.

### पूर्ण मोजणी आणि अपूर्णांकी मोजणी म्हणजे काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

समजा एका निबंधाचे चार लेखक आहेत: दोघे जर्मनीचे, एक ब्राझीलचा, एक जपानचा. पूर्ण मोजणीत जर्मनीला १, ब्राझीलला १ आणि जपानला १ मिळतो. निबंध एक, पण देशांची बेरीज ३. अपूर्णांकी मोजणीत त्या एकाच निबंधाचे वाटे पडतात: जर्मनीला ०.५, ब्राझीलला ०.२५, जपानला ०.२५. बेरीज बरोबर १. वाटे लेखकांच्या संख्येवर पाडता येतात, तसे देशांच्या संख्येवरही पाडता येतात. मग तिघांनाही एक तृतीयांश मिळेल. यातला कोणता प्रकार वापरला, तेही सांगायला हवे.

दोन्ही पद्धतींचे प्रश्न वेगळे आहेत. ‘किती निबंधांत या देशाचा हात होता?’ असे विचारायचे असेल तर पूर्ण मोजणी. ‘जगातल्या एकूण संशोधनात या देशाचा वाटा किती?’ असे विचारायचे असेल तर अपूर्णांकी. गफलत होते ती पूर्ण मोजणीचे आकडे घेऊन टक्के काढताना. सगळ्या देशांचे टक्के मिळवले की बेरीज शंभराच्या पुढे जाते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात अशा आकड्यांचा वर्तुळालेख काढून एका बैठकीत मांडला होता. समोरच्या एका सांख्यिकीच्या प्राध्यापकांनी शांतपणे सगळे वाटे मिळवून दाखवले. तेव्हापासून कुठल्याही तक्त्याची बेरीज केल्याशिवाय मी तो हातावेगळा करत नाही.

हा फरक किती मोठा होऊ शकतो, याचे टोकाचे उदाहरण कणभौतिकीत आहे. लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणत्वरकावरच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर २०१५ मध्ये एकत्रित निबंध प्रसिद्ध केला. त्याचे लेखक ५,१५४. एकूण ३३ पानांपैकी ९ पानांत संशोधन, उरलेल्या २४ पानांत लेखकांची आणि संस्थांची यादी. ज्या देशातले मोजकेच संशोधक या प्रयोगात आहेत, त्यालाही पूर्ण मोजणीत असा प्रत्येक निबंध आख्खा मिळतो. एरवी वर्षाला थोडेच निबंध लिहिणाऱ्या छोट्या देशाचे सायटेशन त्यामुळे आकाशाला भिडते. अपूर्णांकी मोजणीत त्याच देशाच्या वाट्याला शतांश-सहस्रांश येतात.

माझे मत विचाराल तर तुलनेसाठी मूळ तक्ता अपूर्णांकी असावा आणि शेजारी पूर्ण मोजणीचा रकाना द्यावा. दोन रकान्यांतले अंतर हीसुद्धा माहितीच आहे. ते जितके जास्त, तितका तो देश इतरांसोबत लिहितो.

### चीनने अमेरिकेला नेमके कधी मागे टाकले?

सुरुवातीला सांगितलेल्या चारही अटी इथे एकदम कामाला लागतात.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१६ मध्ये चीनचे विज्ञान आणि अभियांत्रिकीतले सुमारे ४,२६,००० निबंध होते आणि अमेरिकेचे ४,०९,०००. ही मोजणी स्कोपसवर आधारलेली आणि अपूर्णांकी. बातमी जगभर गाजली. पण त्याच तक्त्यात युरोपीय संघ एकच घटक धरला तर त्याचे निबंध ६ लाखांच्या वर होते, म्हणजे दोघांच्याही पुढे. तुलनेसाठी ‘घटक’ कोणता धरला, यावर पहिला क्रमांक बदलतो. २०२२ सालासाठी याच संस्थेचे आकडे चीन सुमारे ९ लाख, अमेरिका साधारण ४.५७ लाख आणि तिसऱ्या क्रमांकावर भारत २ लाखांहून थोडा अधिक असे आहेत.

आता प्रश्न किंचित बदला: सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या वरच्या १ टक्का निबंधांत पुढे कोण? जपानच्या निस्टेप या संस्थेने ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवले की २०१८ ते २०२० या तीन वर्षांच्या सरासरीत चीन इथेही अमेरिकेच्या पुढे गेला होता. इथे डेटाबेस वेब ऑफ सायन्स आणि मोजणी अपूर्णांकी. निवडक नियतकालिकांपुरती मोजणी करणाऱ्या नेचर इंडेक्समध्ये निसर्गविज्ञानांत चीन पहिला आला तो २०२२ च्या निबंधांवर.

म्हणजे २०१६, २०१८–२०, २०२२ ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. एकमेकांना खोटे पाडत नाहीत, कारण प्रश्न तीन आहेत. ‘चीन कधी पुढे गेला’ यावर वाद घालणारे दोघे जण मला भेटतात, तेव्हा बहुतेक वेळा दोघांकडे वेगवेगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरे असतात.

### टक्का घसरला म्हणजे देशाचे संशोधन कमी झाले का?

तसे नाही. टक्केवारीत एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा कमी होणारच. एखाद्या देशाचे निबंध दहा वर्षांत वीस टक्क्यांनी वाढले आणि त्याच काळात जगाचे साठ टक्क्यांनी, तर त्याचा वाटा चौथ्या हिश्श्याने घटलेला दिसेल. टक्क्याशेजारी मूळ संख्या द्यावी, एवढ्याने काम होते.

### इंग्रजीखेरीज इतर भाषांत लिहिणाऱ्या देशांचे काय?

त्यांचे नुकसान होते, आणि ते मोजणेही कठीण आहे, कारण जे डेटाबेसमध्ये नाही ते मोजायचे कशाने? भौतिकशास्त्रात फरक कमी पडतो, तिथे सगळेच इंग्रजीत लिहितात. पण कायदा, इतिहास, शिक्षण, भाषाभ्यास, शेती, सार्वजनिक आरोग्य या विषयांचा वाचक स्थानिक असतो. पोर्तुगीज, रशियन, जपानी किंवा इंडोनेशियन भाषेत लिहिलेला निबंध त्या वाचकाच्या हातात पडतो, उपयोगी पडतो, आणि आंतरराष्ट्रीय तुलनेत मात्र त्याची नोंदही होत नाही. मला या साऱ्या उद्योगातली ही सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते. स्थानिक भाषेतले संशोधन ‘मोजले गेले नाही’ याचा अर्थ हळूहळू ‘झाले नाही’ असा घेतला जातो, आणि मग अनुदानेही त्याच अर्थाने वाटली जातात.

ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला सायेलो हा यावरचा एक चांगला उपाय आहे: नियतकालिके खुली ठेवायची, त्यांची नोंद नीट करायची आणि ती जगाला शोधता येतील असे पाहायचे. नॉर्वे, फिनलंड यांसारख्या देशांनी वेगळी वाट धरली. तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत विद्यापीठांतून निघणारे पुस्तक, प्रकरण, स्थानिक भाषेतला लेख अशी सगळी विद्वत प्रकाशने येतात. देशांतर्गत चित्र यातून पुष्कळ चांगले उमटते. मात्र प्रत्येकाची नोंदवही वेगळ्या नियमांची असल्याने दोन देशांची तुलना तिच्यावरून करता येत नाही.

### कोणते लेखन धरायचे आणि कोणते सोडायचे?

नियतकालिकांतले मूळ शोधनिबंध आणि आढावा निबंध हे सर्वमान्य आहेत. संपादकीय, पत्रे, बातम्या, दुरुस्त्या आणि परिषदांतले निव्वळ सारांश वगळतात. परिषदांतले पूर्ण निबंध ही अवघड जागा. संगणकशास्त्रात नवे संशोधन आधी परिषदेत येते, ते वगळले तर त्या विषयाचा निम्माअधिक प्राणच जातो. उलट इतर काही विषयांत परिषदांचे खंड फारशा छाननीविना निघतात आणि ते धरले की काही देशांचा आकडा भराभर फुगतो. दोन्ही प्रकारे मोजून पाहावे. क्रम बदलला, तर तसे स्पष्ट लिहावे.

### गेल्या वर्षी सगळ्याच देशांचे निबंध घटलेले दिसतात. खरे आहे का?

बहुधा नाही. वर्ष संपले तरी त्या वर्षाच्या नोंदी पुढे कित्येक महिने भरल्या जात असतात. जानेवारीत काढलेला आकडा आणि त्याच वर्षासाठी सप्टेंबरमध्ये काढलेला आकडा यांत चांगलाच फरक पडतो. शेवटचे वर्ष तक्त्यात घेऊ नये, घेतलेच तर आलेखावर तुटक रेषेने दाखवावे.

### एखाद्या देशाचा आकडा दोन वर्षांत दुप्पट झाला. क्रांती म्हणायची का?

आधी संशय, मग अभिनंदन. अशी उडी दिसली की मी तीन शक्यता तपासतो.

पहिली, डेटाबेसचा घेर वाढला का? २००७–०८ च्या सुमारास वेब ऑफ सायन्सने प्रादेशिक नियतकालिके मोठ्या संख्येने घेतली, आणि ब्राझीलचा आकडा त्याच वेळी झपकन वर गेला. ब्राझीलमधले संशोधन वाढत होतेच, पण त्या दोन वर्षांतल्या उडीचा मोठा भाग या नव्या भरतीचा होता. तपासायची सोपी युक्ती अशी: सुरुवातीच्या वर्षी जी नियतकालिके डेटाबेसमध्ये होती, तेवढीच घेऊन पुन्हा मोजा. उडी नाहीशी झाली तर ती डेटाबेसची होती.

दुसरी शक्यता, धोरण बदलले का? रशियात मे २०१२ च्या अध्यक्षीय आदेशात वेब ऑफ सायन्समधल्या जागतिक निबंधांत रशियाचा वाटा २०१५ पर्यंत २.४४ टक्क्यांवर न्यायचे उद्दिष्ट घातले गेले होते. असे नेमके लक्ष्य दिले की विद्यापीठे त्या लक्ष्याकडे वळतात. आधीही होणारे संशोधन मग डेटाबेसमध्ये येणाऱ्या नियतकालिकांकडे पाठवले जाते. चीनमध्ये कैक वर्षे एससीआय, म्हणजे सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये येणाऱ्या निबंधांसाठी रोख बक्षिसे दिली जात. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या शिक्षण आणि विज्ञान मंत्रालयांनी ही प्रथा थांबवायला सांगितले.

तिसरी शक्यता, निबंध कुठे छापले जात आहेत? उडीतले बहुतेक निबंध चार-पाच नियतकालिकांत एकवटलेले असतील, तर ती नियतकालिके उघडून वाचावीत. यंत्राने करायचे काम हे नव्हे.

### बनावट आणि मागे घेतलेले निबंधही मोजणीत येतात का?

येतात, काळजी घेतली नाही तर. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून अधिक निबंध मागे घेतले गेले आणि त्यातले ८,००० हून अधिक हिंदवी या एकाच प्रकाशन समूहाचे होते. वायली कंपनीने हा समूह विकत घेतला होता. पैसे घेऊन निबंध पाडणाऱ्या ‘पेपर मिल’चा माल छाननीतून निसटला होता. मागे घेतलेल्या निबंधावर डेटाबेसमध्ये तशी खूण असते, पण नोंद पुसली जात नाही. ती गाळणे मोजणाऱ्याच्या हातात आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॅरिव्हेटने ५० हून अधिक नियतकालिके यादीतून काढली. काही देशांचे त्या नियतकालिकांत भरपूर निबंध येत. पुढच्या वर्षी त्या देशांची रेषा खाली आली, तर संशोधन आटले असे समजायचे कारण नाही.

### देशांच्या नावांचा काही घोळ होतो का?

पुष्कळ होतो. वेब ऑफ सायन्समध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड वेगवेगळे नोंदलेले असतात. ‘इंग्लंड’चा आकडा ब्रिटनचा म्हणून देणे ही एक चूक. चौघांची नुसती बेरीज करणे ही दुसरी, कारण लंडन आणि एडिंबरा इथल्या लेखकांनी मिळून लिहिलेला निबंध त्यात दोनदा येतो. चारही नावे ‘किंवा’ने जोडून एकत्र शोध घ्यावा.

जॉर्जिया हा देश आहे आणि अमेरिकेतले राज्यही. पत्त्यातला मजकूर स्वतः वाचून छाटणी करत असाल, तर अटलांटाचे निबंध तिबिलिसीच्या खात्यात जातील. जुनी मालिका घेतली की सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया भेटतात. त्यांचे विघटनापूर्वीचे निबंध आजच्या देशांत वाटायचे असतील, तर शहरांच्या नावांवरून एकेक पत्ता लावावा लागतो. हाँगकाँग चीनमध्ये धरला आहे की वेगळा, हेही प्रत्येक स्रोतात पाहून घ्यावे.

### लोकसंख्येने भागून तुलना करावी का?

देश फार वेगळ्या आकारांचे असतील तर करावी. दरडोई निबंधांत स्वित्झर्लंड, डेन्मार्क यांसारखे छोटे, श्रीमंत देश वर येतात आणि एकूण संख्येत पुढे असलेले मोठे देश खाली जातात. मात्र लोकसंख्येत लहान मुले, वृद्ध सगळेच आले. संशोधकांच्या संख्येने, म्हणजे पूर्णवेळ कामाइतक्या हिशेबाने भागणे अधिक न्याय्य, फक्त ते आकडे प्रत्येक देश सारख्या काटेकोरपणे देत नाही. संशोधनावरच्या खर्चाने भागताना दोन ते तीन वर्षे आधीचा खर्च घ्यावा. पैसा आज मिळतो, निबंध नंतर येतो. शिवाय कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आणि संरक्षण खात्यात जे घडते, त्याचा बराचसा भाग छापलाच जात नाही. जिथे खर्चाचा मोठा हिस्सा उद्योगांचा आहे, तो देश या भागाकारात उगाच आळशी दिसतो.

फार छोट्या प्रदेशांचा दरडोई आकडा देऊ नये. ग्रीनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ हजार. बर्फावर संशोधन करणाऱ्या एखाद्या संस्थेचे मोजके निबंधही तिथला दर कुठल्या कुठे नेतात.

### सायटेशन जास्त म्हणजे दर्जा जास्त, असे म्हणावे का?

सायटेशन म्हणजे निबंधाची इतरांनी घेतलेली दखल. दखल आणि दर्जा यांचा संबंध असतो, पण ते एकच नव्हेत. तुलना करायचीच असेल तर विषयाचा फरक आधी काढून टाकावा लागतो. जीववैद्यकात निबंधाला गणितापेक्षा कितीतरी जास्त सायटेशन मिळतात. म्हणून नुसती सरासरी घेतली तर वैद्यकात काम करणारा देश गणितात काम करणाऱ्या देशापेक्षा ‘हुशार’ ठरतो. यासाठी त्याच विषयातल्या, त्याच वर्षातल्या, त्याच प्रकारच्या निबंधांच्या जागतिक सरासरीशी भागाकार करतात. उत्तर १ आले तर जगाइतके, १.२ आले तर वीस टक्के अधिक. पण या सरासरीलाही एखादा प्रचंड गाजलेला निबंध वर ओढतो. वरच्या १० टक्क्यांत देशाचे किती निबंध आहेत, हे माप मला जास्त भरवशाचे वाटते.

दुसरी गोष्ट, कोण कुणाचे सायटेशन करतो. प्रत्येक देशातले संशोधक आपल्या शेजाऱ्यांचे काम जास्त वाचतात. त्यामुळे मोठ्या देशाला घरच्या घरी पुष्कळ सायटेशन मिळतात. यात लबाडी असेलच असे नाही. मात्र प्रमाण अचानक वाढले तर कारण शोधावे. इटलीत २०१० च्या विद्यापीठ सुधारणा कायद्यानंतर बढतीत सायटेशनला महत्त्व आले. २०१९ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात दिसले की त्यानंतर इटलीतल्या इटलीत होणाऱ्या सायटेशनचे प्रमाण बरोबरीच्या देशांपेक्षा ठळकपणे वाढले. देशाबाहेरून आलेले सायटेशन वेगळ्या रकान्यात दाखवले, तर असा बदल लपत नाही.

### गूगल स्कॉलर वापरला तर?

निबंध शोधायला उत्तम. देशांची तुलना करायला नाही. त्यात देशानुसार गाळण्याची सोय नाही, संपूर्ण डेटा उतरवून घेता येत नाही, आणि काय धरले, काय सोडले याची यादी जाहीर नाही.

### वर्गणी भरायला पैसे नाहीत. फुकटात काय करता येईल?

बरेच काही. स्कोपसच्या डेटावर चालणारे सिमागोचे संकेतस्थळ १९९६ पासूनचे देशवार आकडे मोफत देते. पहिल्या अंदाजासाठी ते पुरते. मोजणी मात्र पूर्ण पद्धतीची आहे, हे लक्षात ठेवावे.

स्वतःच्या नियमांनी मोजायचे असेल तर ओपनअ‍ॅलेक्स घ्यावा. त्याचा सगळा डेटा उतरवता येतो आणि तुमची मोजणी दुसऱ्या कुणालाही पुन्हा करून पाहता येते. मला हे फार मोलाचे वाटते. ज्या आकड्यांवर अनुदाने आणि नेमणुका ठरतात, ते तपासायला आधी लाखोंची वर्गणी भरावी लागू नये. २०२४ मध्ये लायडन विद्यापीठाने आपल्या विद्यापीठ-क्रमवारीची ओपनअ‍ॅलेक्सवर आधारलेली खुली आवृत्ती काढली, त्याच वर्षी सॉरबॉन विद्यापीठाने वेब ऑफ सायन्सची वर्गणी बंद केली आणि संशोधनाची माहिती खुली असावी असे सांगणारा बार्सिलोना जाहीरनामाही त्याच वर्षीचा. ओपनअ‍ॅलेक्समध्ये गहाळ पत्ते, भाषेच्या चुकीच्या नोंदी आणि काही दुबार नोंदी आहेत. त्या दुरुस्त होत आहेत, पण आजची तुलना आजच्या चुकांसह करावी लागते. म्हणून शंभरेक नोंदी हाताने तपासून चुकांचे प्रमाण आधी काढावे.

### तक्त्याखाली काय लिहावे?

डेटाबेसचे आणि त्यातल्या संग्रहाचे नाव, वर्षे, लेखनप्रकार, मोजणीची पद्धत, देशांची नावे कशी एकत्र केली, मागे घेतलेले निबंध गाळले की नाही, आणि आकडा काढल्याची तारीख. तारीख सगळ्यांत जास्त विसरली जाते. जमल्यास वापरलेले शोधवाक्य जसेच्या तसे द्यावे.

### एका देशाचा आकडा स्कोपसमधून आणि दुसऱ्याचा वेब ऑफ सायन्समधून घेतला तर चालेल का?

नाही. एकाच देशाची जुनी वर्षे एका डेटाबेसमधून आणि नवी दुसऱ्यातून घेऊन रेषा जोडणेही नाही. जुन्या अहवालातले आकडे पुढे वाढवायचे असतील, तर ती जुनी वर्षेही आजच्या तारखेला, त्याच डेटाबेसमध्ये, त्याच नियमांनी पुन्हा मोजावीत. वेळ लागतो. माझ्या अनुभवात एका देशासाठी एक दिवस धरावा, आणि जुने पत्ते तपासायचे असतील तर दोन.